पिकांतल्या खुणांवरून जमिनीखालची जुनी बांधकामे ओळखणे : नागपूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामटेक, मौदा, कुही, उमरेड आणि पलीकडे पवनीपर्यंतच्या पट्ट्यातले शेतकरी, इतिहासाचे विद्यार्थी आणि ड्रोन चालवणारी मंडळी सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते : आकाशातून घेतलेल्या फोटोत वावरात एक रेघ किंवा चौकोन दिसतो, त्याचे करायचे काय? एका फोटोवरून काहीही सिद्ध होत नाही, पण नीट पाहिलेल्या चार फोटोंवरून पुष्कळ काही कळते, ही आमची भूमिका सगळ्या उत्तरांमागे आहे.

१. पीकखूण म्हणजे नेमके काय?

जमिनीत गाडल्या गेलेल्या बांधकामामुळे वरच्या पिकाच्या रंगात, उंचीत किंवा पिकण्याच्या वेळेत पडलेला फरक म्हणजे पीकखूण. खाली विटांची किंवा दगडांची भिंत असली की तिच्यावर मातीचा थर पातळ राहतो. तिथले रोप उथळ कुंडीतल्या रोपासारखे वाढते : ओल लवकर संपते, पीक बुटके राहते आणि आजूबाजूच्या आधी पिवळे पडते. बुजलेला खंदक, खड्डा किंवा विहीर असेल तर उलट घडते. तिथे भुसभुशीत माती खोलवर असते, ओल टिकते आणि पीक उंच, गडद हिरवे राहून उशिरा पिकते.

ही पद्धत ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. तिथले वुडहेंज हे लाकडी खांबांचे प्राचीन वर्तुळ १९२५ मध्ये विमानातूनच लक्षात आले होते.

२. रोज शेतात जातो, मग मला का दिसत नाही?

फरक थोडा असतो आणि पसरलेला असतो. गव्हात उभे राहिले की चार बोटे बुटका पट्टा नजरेत येत नाही, आला तरी तो वीस मीटर सरळ जाऊन काटकोनात वळतो हे कळत नाही. वरून पाहिले की आकार जुळतो.

३. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत या खुणा दिसतात का?

दिसतात, पण युरोपातल्या फोटोंवरून अपेक्षा ठेवू नका. एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकाला साधारण २०० मिलिमीटर पाणी पुरवू शकते, तर वीतभर मातीखाली मुरूम लागणारी बरड जमीन पन्नाशीही गाठत नाही. खूण उमटायला पिकाला पाण्याचा ताण बसावा लागतो. भारी जमिनीत तो उशिरा बसतो आणि कधी कधी पीक निघेपर्यंत बसतच नाही. शिवाय ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत उतरते आणि दर वर्षीच्या या उलथापालथीत बारीक अवशेषांच्या कडा पुसट होतात.

नागपूर शहर दख्खनच्या काळ्या कातळाच्या पूर्व कडेवर बसले आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वरकडे कातळावरची जमीन, तर पूर्वेला आणि उत्तरेला रामटेककडे वेगळे, जुने खडक आणि अनेक ठिकाणी हलकी माती. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एका गावी खुणा स्पष्ट आणि शेजारच्या गावी काहीच नाही, असे होते. काही न दिसणे म्हणजे खाली काही नाही असे समजू नका.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. काळ्या जमिनीत नांगरणीनंतरच्या मातीखुणा फार चांगल्या दिसतात. जुन्या वस्तीची राखट पांढरी माती आणि विटांचा लालसर चुरा एप्रिल-मेमध्ये काळ्याभोर वावरात उठून दिसतो. विदर्भात काम करणाऱ्याने पीकखुणांइतकाच वेळ या उन्हाळी फोटोंना द्यावा.

४. कोणते पीक आणि कोणता महिना सर्वांत चांगला?

कोरडवाहू गहू पहिला. ओळींतले अंतर वीस-बावीस सेंटीमीटर असल्याने अर्धा मीटर रुंदीची भिंतही त्यात उमटू शकते. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला जानेवारीच्या उत्तरार्धापासून ताण बसू लागतो आणि ओंब्या पिवळ्या पडू लागल्यापासून पुढचे दोन आठवडे सोन्याचे. हरभरा आणि जवस त्याखालोखाल. हरभरा लवकर वाळतो, म्हणून तिथे जानेवारीपासूनच लक्ष ठेवावे.

सोयाबीन ४५ सेंटीमीटर ओळींवर असते आणि पावसाळ्यात उभे असते, त्यामुळे एरवी निरुपयोगी. पण ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला की हलक्या जमिनीवर त्यातही चांगल्या खुणा येतात. मात्र सोयाबीनचा पिवळेपणा फसवा असतो (प्रश्न ५ पाहा). पऱ्हाटी आणि तुरीच्या ओळी एकमेकींपासून फार दूर असतात आणि तुरीचे मूळ खोल जाते, म्हणून त्यांत बारीक काही दिसत नाही. गायरानावरचे गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळते तेव्हा गाडलेल्या भिंतींच्या पायावरचे गवत आधी करपते. गायरान सहसा नांगरलेले नसते, म्हणून तिथे पाया शाबूत असण्याची शक्यताही जास्त.

ओलिताच्या गव्हात शोधण्यात अर्थ नाही. पेंचच्या कालव्यांखाली आलेल्या भागात म्हणूनच जुने फोटो महत्त्वाचे ठरतात (प्रश्न ६).

५. हिरवी रेघ म्हणजे खंदक आणि पिवळी म्हणजे भिंत, असा नियम धरायचा का?

सुरुवातीला धरा, पण तीन अपवाद पक्के लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे ते वारंवार येतात.

पहिला अपवाद अतिपावसाचा. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी बुजलेल्या खंदकात पाणी साचते, मुळे गुदमरतात आणि सोयाबीन खंदकावरच पिवळे पडते. त्याच वेळी भिंतीवरचा निचरा चांगला असल्याने तिथले पीक हिरवे राहते. चित्र पूर्ण उलटते. म्हणून फोटोच्या आधीच्या महिन्याचा पाऊस नोंदल्याशिवाय रंगाचा अर्थ लावू नये.

दुसरा अपवाद विटा काढून नेलेल्या भिंतीचा. प्राचीन विटा सुमारे ४० सेंटीमीटर लांबीच्या, भक्कम असतात. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी त्या खणून घरांना, विहिरींना वापरल्या. विटा गेल्या की उरतो भिंतीच्या आकाराचा चर, तो सैल मातीने भरतो आणि भिंतीच्या जागी हिरवी रेघ उमटते. हिरव्या रेघांनी बनलेला खोल्यांचा स्पष्ट आराखडा दिसला तर ही शक्यता आधी तपासा. खंदक कधी तीन बाय चार मीटरच्या खोल्या करत नाही.

तिसरा अपवाद चुन्याचा. चुन्याच्या मलब्यावर सोयाबीनला आणि संत्र्याला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळे होते. हा पिवळेपणा ताणाचा नाही, मातीतल्या चुन्याचा. पण तो आपल्या जमिनीतल्या नैसर्गिक चुनखडीनेही येतो, तेव्हा आकार नियमित आहे का ते पाहावे.

६. फुकटात सुरुवात कशी करू?

लॅपटॉपवर गूगल अर्थ प्रो घ्या. त्यातल्या जुन्या फोटोंच्या पट्टीवर एकेक तारीख पाहा आणि जानेवारी ते मे या काळातले फोटो आधी उघडा. गाव दिसेल इतक्या उंचीवरून सुरुवात करून हळूहळू खाली या. थेट जवळ गेले की मोठे आकार निसटतात. संशयास्पद जागा सापडली की तिचे अक्षांश-रेखांश, फोटोची तारीख आणि पीक लिहून ठेवा, मग तीच जागा उरलेल्या सर्व तारखांना पाहा.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे भिंत दिसणार नाही, पण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यातून पिकाचा हिरवेपणा मोजणारा एनडीव्हीआय काढला की कोणत्या आठवड्यात शेत वाळू लागले ते कळते. ड्रोन कधी उडवायचा, हे ठरवायला तो उत्तम.

तिसरे साधन कोरोना. अमेरिकेच्या या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेले कृष्णधवल फोटो १९९५ मध्ये खुले झाले. आधी स्कॅन झालेले फोटो अमेरिकी भूसर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. चांगल्या फोटोत दोन मीटरच्या आसपासचा तपशील दिसतो. जमीन सपाट करण्यापूर्वीचे, ओलितापूर्वीचे शिवार त्यात आहे. पवनीसारख्या ठिकाणची मातीची तटबंदी आणि खंदक अशा फोटोंत अभ्यासायला हवेत, डोळा तयार होतो.

७. ड्रोनने फोटो घ्यायचे तर कसे?

६० ते १०० मीटर उंची पुरे. ८० मीटरवरून साध्या ड्रोनच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर २ ते ४ सेंटीमीटर भरतो. कॅमेरा सरळ खाली ठेवून पुढच्या-मागच्या फोटोंत ७५ टक्के आणि शेजारच्या पट्ट्यांत ६५ टक्के भाग सामाईक येईल असे उडवा. मग त्याच जागेचे चारही दिशांनी तिरपे फोटो घ्या. पिकाच्या उंचीतला फरक तिरप्या फोटोतच कळतो आणि अनेकदा एकाच दिशेने कळतो, म्हणून चारही दिशा.

वेळ कशासाठी उडवता त्यावर ठरते. उंचीतला फरक पाहायचा तर सूर्योदयानंतरचा तास, रंग पाहायचा तर दुपारच्या आसपास किंवा पातळ ढग असताना. वारा असेल तर थांबा. गहू लवला की त्यात नसलेल्या रेघा दिसतात. शेताच्या कोपऱ्यांत आणि मध्ये चार-पाच पांढरे पुठ्ठे ठेवून त्यांचे स्थान नोंदवा. पुढच्या वर्षीचा फोटो त्यावरच बसवायचा असतो.

फोटो जोडायला वेबओडीएम आणि नकाशावर बसवायला क्यूजीआयएस, दोन्ही मोफत आहेत. साध्या रंगीत फोटोतही हिरव्याची दुप्पट घेऊन त्यातून लाल आणि निळा वजा केला की पुसट खुणा वर येतात. रंग इतका ताणू नका की पेरणीच्या ओळीच भिंती वाटू लागतील.

८. परवानगी लागते का?

ड्रोन नियम २०२१ नुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावरील हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत (सुमारे १२० मीटर) उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. दोन किलोपर्यंतचा ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला चालक प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोनची नोंदणी मात्र करून घ्या. नागपूर शहरात विमानतळ, वायुसेनेचा परिसर, सीताबर्डी किल्ला, अंबाझरीचा आयुध कारखाना आणि शेजारी कामठी छावणी असल्याने उडवण्याच्या दिवशीच नकाशा तपासा. संरक्षित स्मारकावर आणि वनक्षेत्रावर त्या त्या विभागाची परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन नेऊ नये. आणि शेतमालकाला आधी विचारावे, हे कुठल्या नियमात नसले तरी.

९. फसवणाऱ्या खुणा कोणत्या?

आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत याच सर्वाधिक असतात. खळ्याची जागा : आठ-दहा मीटरचे नेटके वर्तुळ, शेणामातीने ठोकून घट्ट झालेले, तिथे पीक वर्षानुवर्षे बुटके राहते. शेणखताचे ढीग : गडद हिरवे गोल, कडा विरलेल्या, आणि बहुतेकदा ठरावीक अंतरावर रांगेत. मोडलेले धुरे आणि जुनी पांदण : लांबच लांब रेघ, जी शेजारच्या वावरातही पुढे जाते. सातबाऱ्याच्या जुन्या गटनकाशाशी ताडून पाहिले की बहुतेक अशा रेघांचा उलगडा तिथेच होतो.

तुषार संचाची वर्तुळे एकमेकांना छेदतात आणि सारख्या अंतरावर येतात. पाइपलाइनचा चर विहिरीपासून निघतो, सरळ जातो आणि हिरवा दिसतो. वीटभट्टीची जागा लाल चौकोनी डाग देते, तिला प्राचीन वस्ती समजणे फार सोपे आहे, गावात विचारल्याशिवाय ठरवू नका. कन्हान, सूर, वैनगंगेच्या काठी जुन्या पात्रांचे हिरवे पट्टे येतात, ते वळणदार असतात आणि त्यांची रुंदी बदलत जाते. मनसरकडे मॅंगनीजच्या जुन्या खाणींचे खड्डे आणि मातीचे ढीगही ध्यानात ठेवावेत.

१०. चौकोन दिसला. ती इमारतच आहे हे कशावरून?

चार गोष्टी तपासा. कोपरे खरोखर काटकोनात आहेत का. रेघेची रुंदी सर्वत्र सारखी आहे का. भिंतीची खूण साधारण अर्धा ते दोन मीटर रुंद असते, कारण कोसळलेला मलबा तिला पसरवतो. तिसरे, दिशा : चौकोन आजच्या धुऱ्यांशी आणि पेरणीच्या ओळींशी समांतर असेल तर संशय घ्या, तिरपा असेल तर आशा धरा. चौथे, तो वेगळ्या वर्षी, वेगळ्या पिकात पुन्हा दिसतो का. चौथी कसोटी उतरली नाही तर पहिल्या तिघींवर विसंबू नये.

११. शिळावर्तुळे पिकात ओळखू येतात का?

शिळावर्तुळे म्हणजे भोवती मोठ्या दगडांचे कडे असलेली प्राचीन दफने. नागपूरजवळ जुनापाणी येथे ती शेकडो आहेत, माहुरझरीही प्रसिद्ध आहे. शेतीत आलेल्या वर्तुळांचे मोठे दगड लोकांनी धुऱ्यावर ओढून नेलेले असतात, पण आतला दगडगोट्यांचा भराव राहतो. त्यावर करपलेला गोल दिसतो, कधी दगड उपटलेल्या खळग्यांचे हिरवे ठिपके त्याभोवती कड्यासारखे येतात. खळ्याशी गोंधळ होऊ नये म्हणून एवढे पाहा : खळे एकटे असते आणि वाटेजवळ असते, शिळावर्तुळे बहुधा समूहात आणि उंचवट्याच्या बरड जमिनीवर असतात. धुऱ्यावर मोठाले काळे धोंडे पडलेले असतील तर तोही पुरावाच.

१२. आकार काही नाही, नुसता पांढरा डाग आहे. पाठवू का?

जरूर. तो पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीचा असू शकतो. महसुली नोंदीत त्या मौजाला ‘रीठ’ म्हटले असेल, म्हणजे गाव उठून गेलेले, तर शक्यता आणखी वाढते. मात्र एक खबरदारी : पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत टाकण्याची रीत होती. तेव्हा डाग आणि खापरे दुसरीकडून आलेली असू शकतात. मूळ पांढरी आजूबाजूपेक्षा थोडी उंच असते आणि चरात खालपर्यंत राखट माती दिसते. टाकलेली माती नांगराच्या खोलीपर्यंतच.

१३. धानाच्या बांधीत किंवा संत्र्याच्या बागेत काही करता येते का?

चिखलणी केलेल्या धानात नाही. धानानंतर ओलीवर घेतलेल्या लाखोळीत मात्र डिसेंबर-जानेवारीत मोठे आकार दिसू शकतात. संत्र्याच्या सहा बाय सहा मीटरच्या लागवडीत आराखडा वाचता येत नाही. पण सलग चार-पाच झाडे एका तिरप्या रेषेत खुरटलेली असतील तर नोंद ठेवावी.

१४. एका वर्षी स्पष्ट दिसले, पुढे कधीच नाही. भास होता का?

तसे नाही. पाऊस, पीक, पेरणीची तारीख आणि फोटोचा दिवस हे सगळे जुळावे लागते. कमी पावसाच्या सालात दिसणारी खूण चांगल्या पावसाच्या चार सालांत लपते. पण ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने पायाच उखडला गेला असेल, तर ती कायमचीही जाते. वरती ताज्या तुटक्या विटा दिसू लागल्या तर हेच घडते आहे असे समजा आणि प्रश्न १८ मधली नोंद त्याच आठवड्यात करा.

१५. न खणता खात्री कशी करतात?

पेरणीपूर्वी शेतमालकाच्या संमतीने वावर चालून पाहतात. खापरे, विटांचे तुकडे जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटोत घेतात, उचलत नाहीत. काळी-तांबडी खापरे, जाड विटांचे कोपरे, कौलांचे तुकडे खुणेच्या आतच दाट आणि बाहेर विरळ असतील तर खात्री वाढते.

यंत्रांची निवड आपल्या जमिनीसाठी वेगळी असते. भूवेधी रडारच्या लहरी ओल्या चिकणमातीत शोषल्या जातात. चुंबकीय मोजणी काळ्या कातळामुळे गोंधळते, कारण तो दगड स्वतःच चुंबकीय आहे. विद्युतरोध मोजणी अधिक भरवशाची : भिंतीवर रोध जास्त, खंदकावर कमी. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावी. उन्हाळ्यात भेगा मोजमाप बिघडवतात.

१६. फूटभर खणून पाहिले तर काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. थरांचा क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही आणि परवान्याशिवाय उत्खनन करणे कायद्याच्या कचाट्यात नेते. शेती करताना आपोआप काही मौल्यवान सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

१७. कळवले तर सरकार माझे वावर घेईल का?

फोटोत खूण दिसल्याने सातबाऱ्यावर काहीच बदलत नाही. केंद्रीय संरक्षणासाठी १९५८ च्या कायद्याखाली आधी अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. एखादी जागा संरक्षित झालीच, तरी एक फुटाहून खोल न खणता शेती करायला त्या कायद्यात मुभा आहे. मालकी लगेच जात नाही. बांधकामावर मात्र बंधने येतात : केंद्रीय संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. शेतकऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगावे.

१८. कुणाला आणि काय कळवायचे?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ, राज्य पुरातत्त्व संचालनालयाचे नागपूर कार्यालय किंवा नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग. सोबत मौजा, तालुका आणि गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, प्रत्येक फोटोची तारीख, पीक, ओलीत की कोरडवाहू, आधीच्या महिन्यातला पाऊस आणि मूळ, न सुधारलेले फोटो द्या. व्हॉट्सअॅपच्या गटांत नेमकी जागा टाकू नका. गुप्तधनाच्या लोभाने रात्रीतून खड्डे पडतात.

१९. एकमेकींना छेदणाऱ्या खुणा दिसतात. जुनी कोणती? आणि वाकाटककालीन की भोसलेकालीन, हे सांगता येईल का?

छेद जिथे होतो तिथे जी रेघ अखंड जाते ती बहुधा नंतरची, तुटलेली आधीची. पण दोन्ही हिरव्या असतील तर पिकात त्या एकमेकींत मिसळतात आणि छेद वाचता येत नाही. अशा वेळी ठरवू नये. काळाबद्दल फोटो गप्प असतो. नगरधन म्हणजेच नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी, आणि तिथेच पुढच्या काळातला किल्लाही उभा आहे. एकाच शिवारात अनेक शतकांची बांधकामे एकावर एक आलेली असताना चौकोनाच्या आकारावरून राजघराणे सांगणारा माणूस अंदाज बांधतो आहे असे समजा. काळ ठरतो तो खापरांवरून, विटांच्या मापावरून आणि शेवटी उत्खननातल्या थरांवरून. नगरधनला २०१५ ते २०१८ दरम्यान आणि मनसरला १९९७ नंतर झालेल्या उत्खननांनी तेच केले.